लाल छातीचा आफ्रिकन शिंजीर ओळखायचा कसा? आणि आपल्याकडच्या शिंजीरांसाठी अंगणात काय लावायचं?

मांजराकाठ (लातूर)

केनियातून, मसाई माराजवळून एक फोटो आलाय. इथे चढत नाहीये, म्हणून वर्णन देतो. पक्षी चिमणीपेक्षा सडपातळ. अंग मखमली, काळपट तपकिरी. कपाळ आणि गळा चमकदार हिरवा. छातीवर लालभडक पट्टा आणि त्यात निळ्या टिकल्या शिंपडल्यासारख्या. चोच लांब, खाली वाकलेली. एका झाडाच्या नारिंगी तुऱ्यावर बसलेला आहे. झाडाच्या दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने काटेरी गोळे आहेत आणि फुलं त्या गोळ्यांतून बाहेर आलेली आहेत. घरच्या ग्रुपवर तिघांनी हमिंगबर्ड म्हणून ठोकून दिलं. मला पटलेलं नाही.

१. हा नक्की कोणता?
२. आपल्याकडे उन्हाळ्यात दिसणाऱ्या काळ्या-जांभळ्या शिंजीराचा हा कोण लागतो?
३. शिंजीर यावेत म्हणून अंगणात काय लावू? जागा १५ बाय २० फूट, जमीन काळी. पाण्याचं विचारूच नका, २०१६ साली आमच्या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.
४. साखरपाण्याची बाटली टांगली तर चालते का?

बालाघाटी

आधी हमिंगबर्डचा निकाल लावू. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत सापडतात. आफ्रिकेत एकही नाही, आपल्याकडेही नाही. तिकडे त्यांचं जे काम, तेच आफ्रिका-आशियात सूर्यपक्षी, म्हणजेच शिंजीर, करतात, म्हणून चोच आणि झळाळी सारखी वाटते. नातं म्हणाल तर फार लांबचं. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो. सूर्यपक्षी शक्यतो बसून पितो आणि पाय टेकायला जागाच नसेल तर दोन-चार सेकंद फडफडत उभा राहतो. तुमचा पक्षी तुऱ्यावर निवांत बसलाय म्हणता, तेवढंही पुरे.

वर्णनावरून हा स्कार्लेट-चेस्टेड सनबर्ड, शास्त्रीय नाव चाल्कोमिट्रा सेनेगालेन्सिस. लिनीअसने १७६६ मध्ये नाव दिलं. नाव सेनेगलचं असलं तरी पक्षी तिथून इथिओपिया, केनिया ते थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेला आहे. विरळ झाडीची गवताळ रानं, नदीकाठ, बागा ही त्याची जागा. दाट जंगलात किंवा ऐन वाळवंटात जात नाही. लांबी १३ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे सूर्यपक्ष्यांत चांगलाच दांडगा. आपला शिंजीर जेमतेम १० भरतो.

केनियात काळ्या अंगावर मोठी लाल छाती म्हटलं की दोनच नावं पुढे येतात, आणि घोळ तिथेच होतो. दुसरा म्हणजे हंटर्स सनबर्ड. तो त्साव्हो, सांबुरू, मेरू अशा जास्त कोरड्या, काटेरी झुडपांच्या भागात राहतो. छाती बघून फरक कळणार नाही, गळा आणि पाठ बघा:

– गळ्याच्या मधोमध हिरवी चमक असेल तर आपला लाल छातीवाला. गळा काळा आणि फक्त गालाखालून हिरवी मिशी असेल तर हंटर्स.
– शेपटीच्या वरच्या भागावर आणि खांद्यावर जांभळी चमक असेल तर हंटर्स. लाल छातीवाल्याची पाठ साधी तपकिरी-काळी असते.

गळा हिरवा लिहिलाय आणि जागा मारा, त्यामुळे मला शंका नाही. पाठ हिरवी चमकदार आणि लाल फक्त अरुंद पट्टी असती तर वेगळ्या गटात शोधावं लागलं असतं. शेपटीची मधली दोन पिसं लांब लोंबत असती तरी तेच.

लालात निळ्या टिकल्या दिसतात त्या डाग नाहीत. छातीच्या लाल पिसाला टोकाजवळ एक बारीक चमकदार पट्टी असते. लाल हा रंगद्रव्याचा रंग, तो सावलीतही लालच राहतो. निळा आणि हिरवा पिसाच्या सूक्ष्म रचनेतून परततो, त्यामुळे पक्ष्याने मान वळवली की विझतो. म्हणूनच एकाच पक्ष्याचे दोन फोटो दोन जातींचे वाटतात. फोटो मागवणार असाल तर ऊन पाठीशी घेऊन काढलेले मागवा, आणि एकाऐवजी ओळीने चार-पाच. अंग काळं असल्यामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि लाल रंग फुटतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घ्यायला सांगा.

मादी ओळखायला खरी डोकेदुखी. वरून गडद तपकिरी, खालून पिवळट, त्यावर दाट काळपट ठिपके. डोळ्यावर फिकी भुवई नसते. भुवई दिसली तर ती बहुधा ॲमेथिस्ट सनबर्ड या दुसऱ्या आफ्रिकन शिंजीराची मादी.

गौताळा_फेरी

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. दोघं एकाच कुळातले, नेक्टरिनिडी. प्रजाती वेगळ्या, म्हणजे चुलत घराणं म्हणा. मराठवाड्यात तुम्हाला दोन शिंजीर भेटतील.

पहिला जांभळा शिंजीर, सिनिरिस एशियाटिकस. किनवटच्या जंगलापासून येडशी-रामलिंग घाटापर्यंत आणि गावातल्या शाळेच्या कुंपणावरही. विणीच्या दिवसांत नर पूर्ण काळा-निळा, उन्हात जांभळा. वीण आटोपली की हा रंग उतरतो आणि नर मादीसारखा मळकट हिरवा-पिवळा होतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ राहते. पावसाळ्यानंतर 'शिंजीर गेले कुठे' असं लोक विचारतात. ते गेलेले नसतात, कपडे बदलून समोरच बसलेले असतात. लाल छातीचा आफ्रिकन नर असा रंग उतरवत नाही, वर्षभर तसाच दिसतो.

दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर, लेप्टोकोमा झेलोनिका. पाठ लालसर-मरून, पोट पिवळं, कमरेवर जांभळा डाग. हाही वर्षभर रंग टिकवतो. माळापेक्षा बाग, विहीर, आमराई त्याला जास्त मानवते.

चोचीबद्दल. सूर्यपक्ष्याची चोच म्हणजे स्ट्रॉ नव्हे. चोच नुसतं म्यान, काम जिभेचं. जीभ नळीसारखी गुंडाळलेली, टोकाला दुभंगलेली आणि चोचीच्या पुढे निघणारी. चोचीच्या कडांना टोकाकडे अगदी बारीक दाते असतात, किडे आणि कोळी धरायला उपयोगी. हे लक्षात ठेवा, कारण साखरपाण्याच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं इथेच आहे.

माटीसूळ

बालाघाटी यांनी पक्षी सांगितला, मी झाड सांगते. दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने काटेरी गोळे आणि त्यातून नारिंगी केसाळ फुलं म्हणजे लिओनोटिस. हे आफ्रिकेतलं झाड तुम्ही लातुरात रोज बघता. बांधावर, पडीक रानात, उकिरड्याशेजारी उगवणारी दीपमाळ, म्हणजेच माटीसूळ, ही त्याच प्रजातीतली: लिओनोटिस नेपेटिफोलिया. देवळासमोरच्या दीपमाळेसारखी एकावर एक गोल चढत जाते म्हणून हे नाव. तिकडे लाल छातीवाला तिच्या भावंडांवर बसतो, इकडे आपले शिंजीर हिच्यावर.

फुलाची बनावट जवळून बघा. वरची पाकळी लांब, मखमली केसांची, पुढे छपरासारखी आलेली. पुंकेसर त्या छपराच्या आतल्या बाजूला चिकटलेले. शिंजीर खालच्या गोळ्यावर काटे चुकवून पाय रोवतो, चोच नळीत घालतो, आणि छप्पर बरोबर त्याच्या कपाळावर टेकतं. पुढच्या फुलावर जाताना कपाळावर पिवळट भुकटी असते. ती तिथे पुसली जाते आणि नवीन लागते. मग गोळ्याभोवती फेरी मारत एकेक फूल रिकामं करतो. मधमाशी बाजूने शिरते, तिला छप्पर फारसं लागत नाही.

आता तुमचं अंगण. पहिली गोष्ट, एकच झाड भरपूर लावण्यापेक्षा बहर एकामागून एक येईल असं लावा. काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या हिशेबाने निवडलंय.

दीपमाळ: वाळलेल्या गोळ्यातून बी झटकून घ्या. पहिल्या चांगल्या पावसानंतर कडेला ४-५ ठिकाणी चिमूट चिमूट फेका, माती हलकी ओढा. रोपं वीतभर झाली की दर ठिकाणी एकच ठेवा, बाकी उपटा. पाच-सहा फूट वाढते. पावसाळा सरता सरता फुलायला लागते आणि थंडीत चालू राहते. वेगळं पाणी द्यायला लागत नाही. घोळ एकच, बी फार पडतं. वरचे गोळे वाळायला लागले की कापून गोणीत भरा, नाहीतर पुढच्या वर्षी अंगणात चालायला जागा राहणार नाही. गोळ्याचे काटे लहान मुलांना टोचतात, त्यामुळे वाटेच्या कडेला नको.

हमेलिया: रोपवाटिकेत याच नावाने मागा. नारिंगी-लाल बारीक नळ्या, जवळपास बारमाही. पेन्सिलीइतक्या जाड फांदीचे १५ सेंटिमीटरचे तुकडे पावसाळ्यात लावले तरी लागतात. तीन फुटांवर एक, कुंपणाला ओळ धरा. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला निम्म्यावर छाटा. न छाटलेली झाडं उंच होऊन खाली बोडकी पडतात आणि फुलं कमी होतात. रुजल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोल पाणी पुरतं. धुण्याभांड्याचं पाणी द्यायचं असेल तर साबणाचं पहिलं पाणी सोडून दुसऱ्या खंगाळण्याचं द्या.

केप हनीसकल: मूळ दक्षिण आफ्रिकेची, वेलीसारखी पसरणारी, नारिंगी कर्ण्यांची. तिकडच्या सूर्यपक्ष्यांचं आवडतं झाड. मोकळी सोडली तर सगळं कुंपण खाते, एकच लावा आणि छाटत राहा.

कोरफड: तुमच्याकडे असेलच, पण फुलत नसेल. कुंडीत गच्च पिल्लं झालेली, सावलीत ठेवलेली, रोज पाणी घातलेली कोरफड पानंच देते. मोठं झाड वेगळं करा, भर उन्हात, मुरूम मिसळलेल्या उंचवट्यावर लावा आणि पाणी तोडा. दोन-तीन वर्षांचं झाड थंडीत दांडा काढतं. खाली झुकलेल्या नळ्या शिंजीराच्या चोचीच्या मापाच्याच असतात.

जास्वंद चालेल, पण मोठ्या जास्वंदीत शिंजीर समोरून जात नाही. पाकळ्यांच्या बुडाशी बाहेरून भोक पाडून मध चोरतो. फुलाला त्याचा उपयोग नाही, पक्ष्याला आहे. न उमलणारी लोंबती मिरची-जास्वंद त्याला जास्त सोयीची.

पांगारा आणि पळस मोठ्या जागेसाठी. शिमग्याच्या सुमारास पळसावर पळसमैना, कोतवाल, बुलबुल असा सगळा बाजार भरतो आणि त्यात शिंजीर कडेकडेने आपलं काम उरकतो. १५ बाय २० मध्ये पळस लावू नका. पांगाऱ्याची फांदी लावली की लागते, पण लाकूड ठिसूळ, वादळात मोडतं, म्हणून भिंतीपासून २० फूट तरी लांब. शिवाय पानांवर गाठी आणणारी एक बारीक माशी त्याला हल्ली फार छळते.

आफ्रिकन ट्यूलिप मात्र आफ्रिकेच्या नावाला भुलून आणू नका. त्याच्या फुलात छोट्या माश्या मरून पडलेल्या दिसतात, आणि झाड अंगणाच्या मानाने राक्षसी होतं.

रानवाटा

माटीसूळ ताई, यादी मस्त. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काय करायचं? ऑनलाइन लाल रंगाच्या बाटल्या मिळतात, त्यात मध घालून टांगला तर?

बालाघाटी

मध अजिबात नको. पाण्यात पातळ केलेला मध फार लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. गूळही तसाच, त्यात क्षार जास्त आणि वर मुंग्यांना आमंत्रण. लाल रंग घालायची गरज नाही, बाटलीला लाल झाकण असलं की पुरे.

करायचंच असेल तर प्रमाण असं: २५ ग्रॅम साधी पांढरी साखर, १०० मिली पाणी. म्हणजे वजनाने २० टक्के, पक्ष्यांसाठी असलेल्या फुलांतल्या मधुरसाच्या आसपास. पाणी उकळा, साखर विरघळवा, पूर्ण गार करा. एका वेळी ३०-४० मिलीच भरा. झाकणाला ३ मिलिमीटरचं भोक आणि त्याखाली काडीएवढी दांडी, कारण याला बसायला लागतं. बाजारातल्या बऱ्याच बाटल्या हमिंगबर्डच्या धर्तीवर असतात, दांडी नसते, आणि मग पक्षी येत नाही म्हणून लोक साखर वाढवतात.

बदलायचं कधी? थंडीत रोज. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना सकाळी भरलेलं दुपारी ओता. पाणी गढूळ झालं किंवा तार धरायला लागलं म्हणजे आंबलंय. गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश वापरा, साबण लावलात तर तीनदा खंगाळा. मुंग्यांसाठी टांगायच्या तारेवर मध्ये पाण्याची छोटी वाटी अडकवा. तारेला ग्रीस किंवा तेल लावू नका, पिसाला लागलं तर निघत नाही.

माटीसूळ

प्रमाण बरोबर आहे, पण माझं मत तरीही बाटलीच्या विरोधात. उन्हाळ्यात मराठवाड्यात साखरपाणी टांगलं की शिंजीराआधी मधमाश्या येतात, आणि त्या जमल्या की शिंजीर जवळ फिरकत नाही. दुसरं, साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांना आपली साधी साखर पचत नाही, पोट बिघडतं. बाटली शिंजीराची म्हणून पाटी लावली तरी त्यांना वाचता येत नाही.

आणि गौताळा_फेरी यांनी दातेरी चोचीचं लिहिलंय ते परत वाचा. फुलांतल्या मधुरसात ताकद आहे, प्रथिनं जवळपास नाहीत. पिल्लं वाढतात ती कोळी, मावा, बारीक अळ्यांवर. आफ्रिकेतल्याचंही तेच. बाटली टांगून खाली गुलाबावर कीटकनाशक फवारलं तर एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. कोळिष्टकंही सगळी झाडू नका, घरटं त्यानेच शिवलेलं असतं.

भाड्याच्या घरात १४ इंची कुंडीत एक हमेलिया आणि एक मिरची-जास्वंद, सकाळचं ऊन येईल अशा गच्चीवर. सकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारा. शिंजीर वाटीत उतरून अंघोळ करण्यापेक्षा ओल्या पानांत अंग घासतो.

एक राहिलं. शेतात आंब्यावर बांडगूळ असेल तर ते काढणं बरोबरच आहे, झाड वाळवतं. पण पडीकातल्या बाभळीवरचं एखादं राहू द्या. त्याच्या लांब नळ्यांवर शिंजीर असतोच. आफ्रिकेत तर बांडगुळाच्या काही जातींच्या पिकलेल्या कळ्या सूर्यपक्ष्याने चोच लावल्याशिवाय उघडतच नाहीत. चोच लागली की कळी फट्कन फुटते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतो.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. फोटो मोठा करून पाहिला, गळा मधोमध हिरवाच आहे. आणखी दोन गोष्टी. कपडे वाळत घालायच्या तारेवर एका मादीने कचऱ्याचा लोंबता गोळा केलाय, ते घरटंच ना? सरकवलं तर चालेल का? आणि एक काळा नर मोटारसायकलच्या आरशावर दिवसभर चोच मारतोय.

गौताळा_फेरी

घरटंच. सरकवू नका, मादी सोडून देईल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरट्याला धक्का लावणं हा गुन्हाही आहे. गवत, साल, वाळकी पानं, अळीची विष्ठा असं काहीही कोळ्याच्या जाळ्याने शिवून लांबट पिशवी करतात. दार बाजूला, त्यावर छोटी पडवी, आणि खाली कचऱ्याची शेपटी लोंबत ठेवलेली. लाल छातीच्या आफ्रिकन शिंजीराचं घरटंही याच घाटाचं, कधी कधी गांधीलमाश्यांच्या पोळ्याशेजारी बांधलेलं. तरी 'क्लासचा कोकीळ' नावाचा तिकडचा कोकीळ त्यात अंडं घालून जातोच.

जांभळ्या शिंजीराची अंडी बहुधा दोन. उबवते एकटी मादी, १५ ते १७ दिवस. भरवायला नर मदत करतो. बांधायला सुरुवात झाल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण दीड महिना धरा. तेवढे दिवस तारेच्या त्या टोकाला कपडे नको, दुसऱ्या टोकालाही ओल्या चादरीसारखं जड काही नको, कारण तार लचकली की पिशवी हिंदकळते. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर घरट्यापासून तीन-चार फूट वर गोणपाट बांधा, पण मादी बाहेर गेली असताना आणि पाच मिनिटांत उरका. मोबाइल आत घालून अंडी बघू नका, पडवी दबली की दार बंद होतं. खाली मांजर बसत असेल तर तार धरून ठेवणाऱ्या खांबाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळा.

आरशातला नर त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. गाडी उभी केली की दोन्ही आरशांवर कापडी पिशवी चढवा. एकच झाकलात तर तो दुसऱ्यावर जातो.